वेठीचा हिशेब : विटोल्ड कुला यांचा ग्रंथ वाचताना



मागच्या खेपेला, व्याख्यान संपल्यावर, एका श्रोत्याने प्रश्न विचारला होता. प्रश्न साधा होता. ते म्हणाले, सर, वर्तमानपत्र उघडलं की शेती तोट्यात आहे असं वाचतो. आमचे आजोबाही तेच म्हणत होते, त्यांचे वडीलही तेच म्हणत असणार. मग चार-चार पिढ्या तोट्यात असलेला धंदा चालतो कसा? त्या वेळी आम्ही वेळ मारून नेली, हे कबूल केलं पाहिजे. घरी गेल्यावर मात्र कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. पोलंडच्या एका इतिहासकाराने हाच प्रश्न सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या पोलिश सरदारांच्या जमिनींबद्दल विचारला होता. त्याचं नाव विटोल्ड कुला. मराठी कानाला ते ‘कूळ’ या शब्दाच्या जवळचं वाटतं. योगायोगच, पण विषयाला धरून असलेला.

कुलांचा जन्म १९१६ चा, वॉर्सातला. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता, कारण १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला होता आणि वॉर्सा तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. मृत्यू १९८८ चा, म्हणजे तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळायच्या आदल्या वर्षीचा. बाकी चरित्रात शिरत नाही, एवढंच सांगतो की ज्या देशात मार्क्सचं नाव घेणं सक्तीचं होतं तिथे हा माणूस मार्क्स खरोखर वाचत होता. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. १९६२ साली त्यांचं ‘सरंजामी व्यवस्थेचा आर्थिक सिद्धांत’ हे पुस्तक पोलिशमध्ये आलं. १९७० मध्ये त्याची फ्रेंच आवृत्ती निघाली, तिला फेर्नां ब्रोदेल यांची प्रस्तावना आहे. इंग्रजी भाषांतर लंडनहून १९७६ ला आलं. आम्ही ते वाचलं ते तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून, अर्थशास्त्राचा नव्हे. त्यामुळे आकडेमोडीतली एखादी खोच निसटली तर सांभाळून घ्या. पण पुस्तकाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आमच्याच विषयातला आहे, असं आमचं मत आहे.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणू. पोलिश सरदाराची जमीन दोन भागांत असे. एक भाग कुणब्यांकडे, ज्यावर ते आपलं पोट भरत. दुसरा भाग सरदाराचा स्वतःचा, त्याला ‘फोल्वार्क’ म्हणत. आपल्याकडच्या जुन्या कागदांत ‘शेरी’ जमीन येते, काहीसा तसला प्रकार. या फोल्वार्कवर काम कोण करी? तेच कुणबी, बिनपगारी. स्वतःचे बैल, स्वतःची अवजारं घेऊन यायचं आणि आठवड्यातले ठरलेले दिवस राबायचं. याला पोलिश शब्द आहे ‘पान्श्चिझ्ना’. मराठीत त्याला वेठ म्हणावं, दुसरा शब्द शोधायची गरज नाही. १५२० च्या कायद्याने आठवड्याला किमान एक दिवस ठरवला. पुढे तो तीन झाला आणि काही ठिकाणी त्याहून जास्त. कुणबी जमिनीला बांधलेला, मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. पिकलेली राय आणि गहू नावांत भरून विस्तुला नदीतून खाली ग्दान्स्कच्या बंदरात जाई, तिथून डच जहाजांतून पश्चिम युरोपात. परतीच्या वाटेने सरदाराच्या घरी कापड, दारू, मसाले, चैनीच्या वस्तू येत.

आता कुलांची युक्ती बघा. ते म्हणतात, या जमिनीचा ताळेबंद मांडू.

पहिल्या पद्धतीने मांडू. धान्य विकून रोख किती आली? भरपूर. रोख खर्च किती झाला? जवळपास नाहीच. मजुरी नाही, बियाणं घरचं, बैल कुणब्याचे, कोठारासाठी लाकूड आपल्याच रानातलं. म्हणजे नफाच नफा. असा धंदा जगात दुसरा नाही.

मग दुसऱ्या पद्धतीने मांडू, आजचा सनदी लेखापाल मांडेल तशी. वेठीच्या प्रत्येक दिवसाला बाजारातल्या मजुरीचा दर लावा. लाकडाला बाजारभाव लावा, बियाण्याला लावा, गुंतवलेल्या भांडवलावर व्याज धरा. काय होतं? तोटा. एका वर्षाचा नाही, दरवर्षीचा तोटा.

तीच जमीन, तेच वर्ष, तेच पीक. एका वहीत ती सोन्याची खाण आणि दुसऱ्या वहीत दिवाळखोर. कुला विचारतात, दोनशे-अडीचशे वर्षं जी व्यवस्था टिकली ती सतत तोट्यात होती असं म्हणायला अर्थ आहे का? आणि सतत अफाट नफ्यात होती म्हणावं, तर देश गरीब का झाला?

त्यांचं उत्तर असं की आपण जी फूटपट्टी लावतोय तीच त्या काळाची नाही. मजुरीचा बाजारभाव लावायचा तर मजुरांचा बाजार हवा. कुणबी जमिनीला बांधलेला असेल तर तो कामाचे दिवस दुसऱ्या कुणाला विकूच शकत नाही. सरदाराच्या रानातल्या लाकडाला आपण भाव लावतो, पण सगळ्याच सरदारांनी आपलं लाकूड बाजारात आणलं असतं तर तो भाव राहिला असता का? जी वस्तू बाजारात येतच नाही तिला बाजारभाव चिकटवणं म्हणजे विहिरीतल्या पाण्याला बाटलीचा दर लावून गावाची श्रीमंती मोजण्यासारखं आहे. (हे उदाहरण आमचं. कुलांच्या माथी मारू नका.)

तत्त्वज्ञानात याला आम्ही प्रवर्गदोष म्हणतो. एका प्रकारच्या गोष्टीला दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीचं विशेषण लावणं. कुलांनी हा दोष नुसता दाखवला नाही, तर तो टाळल्यावर काय दिसतं तेही दाखवलं. पुस्तकाचा सगळ्यात समृद्ध भाग हाच, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

आपण पाठ केलेला नियम असा की भाव वाढला की पुरवठा वाढतो. कुलांच्या प्रतिमानात कुणबी याच्या उलट वागतो. त्याला रोख पैसा हवा असतो तो ठरलेल्या गरजांसाठी, म्हणजे मीठ, लोखंडाचा फाळ, रोखीचं देणं. देणं ठरलेलं असल्यावर भाव पडला की जास्त धान्य विकावं लागतं आणि भाव चढला की थोडक्यात भागतं, उरलेलं घरात खाता येतं. शेतकरी अडाणी म्हणून असं वागत नाही. त्याच्या जागेवर उभं राहिलं तर तेच शहाणपणाचं आहे. आपल्याकडे मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं असलं की भाव पडलेला असूनही माल काढावा लागतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कुलांचा हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

सरदारही नियमाप्रमाणे वागत नाही. त्याची विक्री भावावर कमी आणि पिकावर जास्त ठरते. पीक चांगलं आलं तर विकायला जास्त, वाईट आलं तर कमी. बियाणं आणि घरचं खाणं ठरलेलं, त्यामुळे वाईट वर्षाचा सगळा मार विकायच्या वाट्यावरच पडतो. एका दाण्याचे तीन-चार दाणे होणारी ती शेती. त्यातला एक पुन्हा पेरायचा, हे लक्षात ठेवा.

आणि मग येते दारू. सरदाराला आपल्या इलाख्यात दारू गाळायचा आणि विकायचा मक्ता असे, ‘प्रोपिनात्स्या’ म्हणत त्याला. धान्याला भाव नसेल, किंवा नदी दूर असेल आणि वाहतूक परवडत नसेल, तर धान्याची दारू करायची आणि ती आपल्याच कुणब्यांना आपल्याच गुत्त्यात विकायची. दुसरीकडून घ्यायला त्यांना बंदी. म्हणजे कुणब्याने बाजारात जे काही चार पैसे मिळवले ते फिरून मालकाच्या पेटीत. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं की शोषणाची सगळी उपपत्ती एका गुत्त्यात मावली. पैसा कुणब्याच्या हातात साठलाच नाही, तर तो अवजार कशाने सुधारणार, वस्तू कुठून विकत घेणार, आणि कारागिरांची गावं कुणाच्या गिऱ्हाइकीवर जगणार?

इथे कुला इतिहासातून आजच्या प्रश्नात येतात. मागासलेपण म्हणजे काय? पोलंड जगाच्या बाजारापासून तुटला होता म्हणून मागे पडला का? नाही, तो बाजारात पुरता गुंतला होता. गुंतण्याची रीतच अशी होती की जितका व्यापार वाढे तितकी वेठ घट्ट होई. बड्या सरदारांच्या हातात दोन शतकांत धान्याच्या बदल्यात परदेशी वस्तू अधिकाधिक पडत गेल्या आणि कुणब्याची अदलाबदल मात्र घसरत गेली. हे कुलांनी वर्गवार मांडून दाखवलं. ‘देशाला व्यापारात फायदा झाला’ या वाक्यातला देश म्हणजे कोण, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. अठराव्या शतकात या सरदारांनी कारखानेही काढले. राजिविल घराण्याचे स्लुत्स्कचे रेशमी कमरपट्टे आजही संग्रहालयांत बघायला मिळतात. पण अशा कारखान्यांत वेठीचे हात आणि चैनीचा माल अशी गाठ असल्यावर औद्योगिक क्रांती कुठून होणार? कुलांचं त्या शतकातल्या कारखान्यांवर १९५६ चं एक वेगळं पुस्तक आहे. आणि १९८३ च्या त्यांच्या संग्रहाचं नावच ‘इतिहास, मागासलेपण, विकास’ असं आहे.

आता आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे वळतो.

कुलांचं पुस्तक आलं त्याच १९६२ सालच्या फेब्रुवारीत, मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’त अमर्त्य सेन यांचा एक छोटा लेख आला. भारतातल्या शेतांच्या पाहण्यांत एक विचित्र गोष्ट दिसली होती. घरच्या माणसांच्या श्रमाला चालू मजुरीचा दर लावला, की देशातली बरीचशी शेती तोट्यात दिसे. दोघांनी एकमेकांचं वाचून लिहिलं असं आम्हाला सुचवायचं नाही. एक जण पोलिश सरदारांच्या वह्या बघत होता, दुसरा भारतीय शेतकऱ्यांचे तक्ते. पण अडखळले दोघं एकाच दगडावर. सेन यांचा रोख असा होता की घरच्या माणसाला बाहेर काम मिळण्याची खात्री नसते, म्हणून घरच्या शेतात तो मजुरीच्या दराचा विचार न करता राबतो. त्यांच्याही आधी, विसाव्या दशकात, रशियात चायानोव्ह यांनी हेच सांगितलं होतं की कुटुंबाच्या शेतात मजुरी नावाचा खर्चच नसतो, तेव्हा तो मोजू नका. चायानोव्हना पुढे स्टालिनच्या राजवटीत, १९३७ मध्ये, गोळी घालण्यात आली.

इथवर तुम्ही माना डोलावल्या असतील. आमचा आणि कुलांचा वाद इथून सुरू होतो.

बाजार नसलेल्या श्रमाला बाजारभाव लावू नका, हा कुलांचा नियम मान्य केला तर तो आपल्याकडे कुणाच्या हातात पडेल याचा विचार करा. ऐंशीच्या दशकात शरद जोशींनी उत्पादन खर्चावर आधारित भावाची मागणी लावून धरली, तेव्हा खरं भांडण ‘उत्पादन खर्च’ या शब्दाच्या पोटात काय काय घालायचं याचं होतं. आजही तेच आहे. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात खर्चाच्या पायऱ्या आहेत. नुसता खिशातून गेलेला पैसा धरला तर एक आकडा. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली तर दुसरा, ज्याला ‘ए टू अधिक एफ एल’ म्हणतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज मिळवलं तर तिसरा, ‘सी टू’. स्वामिनाथन आयोगाने खर्चाच्या वर निदान पन्नास टक्के मिळावेत असं सुचवलं. सरकारने २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट देतो म्हटलं, पण दीडपट दुसऱ्या आकड्याची. शेतकरी संघटना म्हणतात तिसऱ्याची हवी. आता कुणी हुशार अधिकारी कुला वाचून म्हणाला, की घरच्या श्रमाला बाजारभाव लावणं हा तर प्रवर्गदोष आहे, तुमच्याच प्राध्यापकांनी सांगितलंय, तर? शेतकऱ्याच्या घामाची किंमत शून्य ठरवायला तत्त्वज्ञानाचा दाखला मिळाला की!

आम्ही या मुद्द्यावर बरेच दिवस अडलो होतो. कुला पुन्हा वाचले. मग लक्षात आलं की आम्ही शून्य कुठल्या वहीत आहे ते पाहिलंच नव्हतं.

सरदाराच्या वहीत वेठीचा खर्च शून्य आहे, बरोबर. पण तो खर्च झालाच नाही असं नाही. तो दुसरीकडे झाला. कुणब्याचे बैल सरदाराच्या रानात दमले म्हणून त्याचं स्वतःचं रान उशिरा नांगरलं गेलं. सुगीचे दिवस तिकडे गेले म्हणून इकडचं पीक पावसात सापडलं. खर्च झोपडीत पडला आणि झोपडीत वही नव्हती. सरदाराला श्रम फुकट पडत कारण कायदा आणि चाबूक त्याच्या बाजूला होते. पुस्तकाच्या नावात अर्थशास्त्र असलं, तरी शून्य अर्थशास्त्राने लिहिलेलं नाही, सत्तेने लिहिलं आहे. कुलांना हे ठाऊक होतं, यात शंका नाही. पण ते सांगायला त्यांच्याजवळ कागद कुणाचे होते? सरदारांचे. जमाखर्च, कारभाऱ्यांना दिलेल्या सूचना, इलाख्यांच्या याद्या. कुणब्याचं अर्थकारण त्यांनी जे मांडलं ते सरदाराच्या कागदांच्या उरलेल्या जागेतून, अनुमानाने. म्हणून त्यांचा कुणबी फार शांत आहे. तो हिशेबी आहे, पण पळून जात नाही, कामात मुद्दाम ढिलाई करत नाही, कणसं लपवत नाही. प्रत्यक्षात हे सगळं होत असणारच. फक्त एकाच बाजूने काढलेल्या छायाचित्रात पाठ दिसत नाही.

थोडं घरचं सांगतो. आमचे वडील ज्वारी-कापसाची एक वही ठेवत. बियाणं, खत, सालगड्याचा पगार, बैलगाडीचं भाडं, सगळं तारीखवार. अक्षर मोत्यासारखं. ते गेल्यावर ती वही आमच्याकडे आली. कुला वाचल्यावर आम्ही ती पुन्हा उघडली आणि आईचं काम शोधायला लागलो. निंदणी, वेचणी, गड्यांच्या भाकरी, गोठा. आईचं नाव वहीत दोन ठिकाणी आहे. एकदा औषधाला दिलेल्या पैशांसाठी आणि एकदा लुगड्यासाठी. दोन्ही खर्चाच्या बाजूला.

तेव्हा कुलांचा नियम आम्ही थोडा बदलून घेतो. बाजार नसलेल्या श्रमाला बाजारभाव लावताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ‘ही व्यवस्था कशी चालली?’ हा एक प्रश्न. तिथे कुला बरोबर आहेत, सरदाराने जसा विचार केला तसाच आपण केला पाहिजे, नाहीतर त्याचं वागणं कळणार नाही. ‘ही व्यवस्था कुणाच्या जिवावर चालली?’ हा दुसरा प्रश्न. तिथे शून्य लिहिणं चालणार नाही. हमीभावाचा वाद दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून त्या अधिकाऱ्याला कुलांचा आधार घेता येत नाही. आणि आपल्या श्रोत्याचं उत्तरही इथेच आहे. चार पिढ्या तोट्यातली शेती चालली कारण तोटा कुणीतरी अंगावर घेत होतं, आणि ज्याने घेतला त्याच्या नावाचा रकाना नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे, तो थोडक्यात. प्रत्येक व्यवस्थेची आपली तर्कसंगती असते, एकीची फूटपट्टी दुसरीला लावू नये, असं म्हटल्यावर ‘मागासलेपण’ हा शब्द वापरायचा अधिकार कुठून येतो? मागे म्हणजे कुठल्या रेषेच्या मागे? कुला हा शब्द वापरतात, थेट पुस्तकाच्या नावात वापरतात. आम्हाला ही विसंगती वाटते, आणि ती त्यांनी सोडवली आहे असं वाटत नाही. पण ती लपवलीही नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणावं लागेल. तिसऱ्या जगाबद्दल लिहिणारे पुष्कळ पंडित एकतर फूटपट्टी फेकून देतात किंवा तिनेच झोडपतात. कुला दोन्ही हातांत दोन गोष्टी धरून उभे आहेत आणि हात दुखत असल्याचं दिसतं.

आणखी एक सावधगिरी. त्यांचं प्रतिमान उचलून कोकणावर किंवा देशावर ठेवू नका. कोकणात खोत होता, कुळं होती, खोताला वेठ द्यावी लागे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. हे सगळं खरं, पण विस्तुला नदी आणि धान्याची ती निर्यात तिथे नव्हती. शिवाय आपल्याकडे कुणाचा श्रम शून्य धरायचा हे जातीनेही ठरवलं होतं. महारकीची कामं गावाच्या कुठल्या वहीत मजुरी म्हणून लिहिली गेली? हा धागा कुलांच्या पुस्तकात सापडणार नाही, तो आपल्याला ओवावा लागेल.

वाचायचं असेल त्यांच्यासाठी एक सूचना. सरंजामी व्यवस्थेवरच्या पुस्तकाने सुरुवात करू नका, ते कोरडं आहे. आधी त्यांचं ‘मापं आणि माणसं’ घ्या. मूळ १९७० चं, इंग्रजीत १९८६ ला आलं. त्यात धान्याचं माप शीग लावून घ्यायचं की सपाट, यावरून शेकडो वर्षं मालक आणि कुणबी कसे भांडले ते आहे. देताना सपाट, घेताना शिगेचं. पायली-अधोलीचे दिवस पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्या शेजारी बसून वाचा, पानोपानी ती तुम्हाला थांबवतील.

आता पाणी घेतो, आणि प्रश्न असतील तर विचारा. मागच्या वेळचे ते श्रोते आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.